सतराशे पिना, एक तांदूळ

निर्मळ गावच्या विनीमावशीने माझ्या नव्याकोऱ्या मदरबोर्डच्या वाकलेल्या पिना गजऱ्याच्या सुईने सरळ केल्या, कॉम्प्युटर सुरू झाला, आणि डेरिक बोटीवर जायच्या आदल्या संध्याकाळी तिने त्याचं लग्न त्याच्याच शेजारी बसून पाहिलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. कंपनीच्या सेवा केंद्राने मला शिक्का मारून लिहून दिलंय की या बोर्डची दुरुस्ती शक्य नाही. आणि शिक्क्याच्या विरोधात आमच्या घरात कुणी बोलत नाही, कारण बाबा सरकारी कचेरीत अव्वल कारकून आहेत. तेव्हा काहीही झालेलं नाही. कॉम्प्युटर बंद आहे, मावशीने लग्न पाहिलेलं नाही, आणि आपण पहिल्यापासून सुरुवात करू.

मी सुमेध. जूचंद्रला चौथ्या मजल्यावर आईबाबांबरोबर राहतो. लग्नं शूट करतो आणि घरी बसून त्यांचे व्हिडिओ बनवतो. लोकांना वाटतं, लग्नांसाठी मी कॉम्प्युटर ठेवलाय. खरं तर उलट आहे. कॉम्प्युटरला नवेनवे पार्ट घ्यायला घरात सबळ कारण द्यावं लागतं, म्हणून मी लोकांची लग्नं होऊ देतो.

जानेवारीत डेरिकचं लग्न झालं. डेरिक माझा कॉलेजातला मित्र. बोटीवर इंजिन रूममध्ये असतो, नऊ महिने समुद्रात आणि तीन महिने निर्मळला. नवरी शॅनन, पापडी गावची. सगळं जमून आलं होतं, आणि लग्नाच्या दोन दिवस आधी डेरिकची आई, म्हणजे विनीमावशी, वाडीतल्या पाण्याच्या पाटाच्या कडेवरून घसरून पडली. मांडीपर्यंत प्लॅस्टर. डॉक्टर म्हणाले, खाटेवरून हलायचं नाही. एकुलत्या एका मुलाचं लग्न, चर्च घरापासून हाकेवर, आणि मावशी घरी. एका पुतण्याने फोनवरून तिला सगळं थेट दाखवायचं कबूल केलं होतं. त्याने दाखवलंही. चाळीस मिनिटं चर्चचा पंखा, मग पाच मिनिटं स्वतःची हनुवटी.

त्यामुळे सगळी भिस्त माझ्या व्हिडिओवर. मावशीची अट एकच होती.

"डेरिक शेजारी बसलेला हवा. एकटीने लग्न बघतात का कधी?"

डेरिकचं विमान मंगळवारी पहाटेचं. म्हणजे सोमवारी संध्याकाळी व्हिडिओ दाखवायचा. मी म्हटलं, मावशी, रविवारीच आणून देतो. असं मी सगळ्यांनाच म्हणतो, पण तिच्या बाबतीत मनापासून म्हटलं होतं.

त्याच्या आदल्या मंगळवारी माझा जुना मदरबोर्ड अल्पशा आजाराने वारला. नऊ वर्षांचा होता. स्क्रीनवर फादर डेरिकला विचारत होते, तू हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का. डेरिकने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि बारीकसा जळका वास येऊन सगळं काळं झालं. लग्न चर्चच्या वहीत झालं होतं, माझ्याकडे झालेलं नव्हतं.

शूटिंग डिस्कवर सुखरूप होतं, पण ते उघडायला दणकट यंत्र हवं. बाबांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर लावून पाहिलं. त्याने एक चित्र दाखवलं आणि दुसऱ्यावर विचार करायला बसला. बाबा म्हणाले, "त्याला घाई करू नकोस, त्याला सवय नाही." मग मी साठवलेलं सगळं काढलं आणि नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम मागवली. गुरुवारी सकाळी खोकं आलं.

नव्या मदरबोर्डचं खोकं उघडताना जो वास येतो त्याचं अत्तर मिळत असतं तर मी लावून फिरलो असतो. काळाकुळकुळीत बोर्ड, त्यावर चंदेरी पट्ट्या, कुठेही धुळीचा कण नाही. मी तो त्याच्याच खोक्यावर ठेवून डायनिंग टेबलावर मांडला आणि नुसता बघत बसलो. बाबांनी रजा टाकली होती. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, म्हणून त्यांनी अर्जात 'घरगुती' असं लिहिलं होतं.

आता इथे एक सांगायला हवं. नवी वस्तू ओवाळल्याशिवाय आमच्याकडे सुरू होत नाही. फ्रिज ओवाळलाय, मिक्सर ओवाळलाय. गिझर ओवाळताना आई स्टुलावर चढली होती आणि बाबांनी खालून स्टूल धरलं होतं. वायफायच्या डबीलासुद्धा कुंकू आहे. नेट गेलं की मी केबल तपासतो आणि आई कुंकू तपासते. निम्म्या वेळा तीच बरोबर निघते.

आई तबक घेऊन आली. बोर्डकडे पुढून बघितलं, मागून बघितलं, टेबलाला एक फेरी मारली.

"याचं तोंड कुठाय?"

"याला तोंड नसतं गं आई."

"बिनतोंडाचं ओवाळू कसं? स्कूटरला दिवा असतो, फ्रिजला दार असतं. हे काय, नुसतं गाव वरून बघितल्यासारखं."

इथे मी 'खोकं ओवाळ' म्हटलं असतं तर ही गोष्ट संपली असती. पण माझी बाजूही समजून घ्या. आयुष्यात पहिल्यांदा घरच्या माणसाने मला मदरबोर्डबद्दल प्रश्न विचारला होता. एरवी मी जेवताना रॅमबद्दल बोलायला लागलो की बाबा आमटी वाढून घेतात.

"हे बघ," मी म्हणालो, "तोंड म्हणायचंच तर हे. इथे प्रोसेसर बसतो. सगळा विचार इथे चालतो." आणि ज्यावर 'काढू नये' असं लिहिलेलं असतं ती छोटी काळी टोपी मी काढली.

आत सतराशे पिना. केसाहून बारीक, सोनेरी, सगळ्या एकाच दिशेला झुकलेल्या, वाऱ्यावरच्या भातासारख्या.

आईने हात जोडले. "अगं बाई, किती सुंदर!"

मला भरून आलं. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच पार्टला कुणी सुंदर म्हटलं नव्हतं.

"कुंकू नको हं आई. पाणी नको. निरांजन लांबून."

"आणि अक्षता?"

"अक्षता पण लांबून."

लांबून म्हणजे आईने लांबूनच टाकल्या. नेम मात्र चुकला नाही. तीन दाणे टेबलावर पडले, एक बोर्डवर टणकन उडाला आणि सरळ जाऊन पिनांच्या रांगांत आडवा झोपला.

बोर्ड उलटा धरून मागून टिचकी मारली असती तर तो पडला असता. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी आईचा भुवयांचा चिमटा मागवला. बाबांनी मोबाइलचा टॉर्च धरला. आईने श्वास धरला. चिमट्याच्या टोकात दाणा आला, मी तो अलगद उचलत होतो, आणि बाबा माझ्या कानाशी ओरडले, "हळू!"

दाणा निघाला. पाच पिना आडव्या झाल्या.

निरांजन तेवढं जळत होतं. आई हळूच म्हणाली, "माझ्यामुळे झालं." मी म्हटलं, नाही गं, माझ्या हातून झालं. बाबांनी टॉर्च बंद केला आणि म्हणाले, "अर्ज कर." बाबांकडे कुठल्याही दुःखावर हा एकच उपाय आहे. आजोबा गेले तेव्हाही ते हेच म्हणाले होते, आणि पेन्शनचं काम खरंच झालं होतं.

शुक्रवारी मी बोर्ड घेऊन विरारला सेवा केंद्रात गेलो. काचेमागच्या मुलाने भिंगातून बघितलं आणि चेहरा पाडला. माणूस चांगला होता. पेशंटच्या नातेवाइकाला बाजूला घेतात तसं त्याने मला काउंटरच्या टोकाला घेतलं.

"काय पडलं होतं?"

"तांदूळ."

"फॉरेन ऑब्जेक्ट लिहितो."

"फॉरेन नाही, वाडा कोलम आहे."

"सर, सिस्टीममध्ये वाडा नाहीये." त्याने टाइप केलं. "ग्राहकाकडून झालेली हानी. वॉरंटी गेली."

"पण सरळ नाही का करता येणार? पाचच आहेत."

"आम्ही हातच लावत नाही. एक जरी तुटली ना, बोर्ड कायमचा गेला. नवीन घ्या." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी तर म्हणतो पुढच्या वेळी ओवाळताना झाकण ठेवा. मागच्या महिन्यात एक नारळाचं पाणी घेऊन आला होता."

मला जरा बरं वाटलं. शिक्का मारलेला कागद घेऊन मी घरी आलो. बाबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "भाषा चांगली आहे." नवीन घ्यायला माझ्याकडे काही उरलेलं नव्हतं, आणि असतं तरी नवा बोर्ड सोमवारच्या आत आला नसता.

शनिवारी सकाळी मी स्कूटर काढली आणि निर्मळला गेलो. विनीमावशीला फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. बोर्ड डिकीत घेतला होता. ऐकणाऱ्याला थाप वाटेल असं काही सांगायचं असेल तर पुरावा बरोबर ठेवावा, हेही बाबांचंच शिक्षण.

मावशी ओटीवर खाटेवर बसली होती. प्लॅस्टरचा पाय उशीवर, मांडीवर ओलं फडकं, फडक्यात कागड्याच्या पांढऱ्या फुलकळ्यांचा ढीग. पाय बंद पडला म्हणून हातांना सुट्टी नव्हती. सुई नुसती खालीवर होत होती, आणि ती बघत होती गेटकडे, म्हणजे माझ्याकडे.

"आला माझा पिक्चरवाला! आणलंस?"

मी सगळं सांगितलं. ओवाळणं, तांदूळ, चिमटा, 'हळू', शिक्का. शेजारच्या खुर्चीत तिचे यजमान, फ्रेडरिककाका, पेपर वाचत होते. तांदळापाशी त्यांनी पेपर खाली घेतला आणि 'हळू'पाशी घडी घालून ठेवला. मावशी मात्र हसली नाही. सुई थांबली होती.

"म्हणजे सोमवारी नाही?"

"नाही मावशी."

"मग डेरिक ऑक्टोबरात येईल तेव्हा." ती कळ्यांकडे बघत म्हणाली. "ठीक आहे. लग्न कुठे पळून जातंय."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी काहीतरी करायचं म्हणून डिकीतून बोर्ड आणला, टोपी काढून दाखवली. तिने चष्मा वर सरकवला, खाली केला, मग काकांच्या नाकावरचा काढून आपल्याच चष्म्यावर चढवला. काकांनी हूं की चूं केलं नाही. हे रोजचं असावं.

"कुठल्या वाकल्यात?"

"इथे कुठेतरी. मला भिंगातूनसुद्धा पटकन नाही सापडत."

तिने बोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि सकाळच्या उन्हात तिरपा केला. जरा इकडे, जरा तिकडे. "ही एक. ह्या दोन जोडीने. ही. आणि ती कोपऱ्यातली. पाच."

माझं तोंड उघडंच राहिलं, डेरिकसारखं.

"रांगेवर ऊन पडू द्यायचं रे. गजऱ्यात एक कळी उलटी गेली की तिथे उजेड तुटतो, तसंच आहे हे." मग ती काकांना त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मला त्यातलं 'सुई' एवढंच कळलं. काका आत जाऊन आगपेटीएवढी डबी घेऊन आले. आत एकच सुई होती, आमच्या पिनांपेक्षा थोडीच जाड.

"ही ठेवणीतली," काका मला म्हणाले. "हिला मीसुद्धा हात लावत नाही."

आता मला बोलणं भाग होतं. "मावशी, थांब. एक पिन तुटली तर संपलंच."

"आत्ता काय चालू आहे तुझं?"

मी शेवटचा शास्त्रीय मुद्दा काढला. "आधी कुठल्या तरी लोखंडाला हात लाव. अंगातली वीज निघून जायला हवी."

"साठीला आले, आता कुठली वीज?"

"आहे, आहे," काका म्हणाले. "झटके मी खातो."

तिने खाटेच्या लोखंडी दांड्याला हात लावला, मग कपाळ, छाती, दोन्ही खांदे असा क्रूस केला, आणि सुई घेतली. म्हणजे बोर्डला आता आमच्या बाजूने अक्षता आणि त्यांच्या बाजूने क्रूस असं दुहेरी संरक्षण होतं. त्यातल्या एकाने घात केला होता, त्यामुळे माझी सगळी आशा दुसऱ्यावर होती.

पहिली पिन उठली. खरंच उठली, झोपेतून मूल उठावं तशी. मावशीचा हात हलताना दिसतच नव्हता. जोडीच्या दोन उठल्या. तेवढ्यात आतून डेरिक दात घासत बाहेर आला.

"अरे सुमेध! काय म्हणतो व्हि—"

"गप!" आम्ही तिघे एकदम म्हणालो. तो ब्रश तोंडात ठेवून दारातच उभा राहिला.

चौथी उठली. पाचवी कोपऱ्यातली, सगळ्यात वाईट, पार दुमडलेली. मावशी थांबली. सुई बाजूला ठेवली, बोटं ओल्या फडक्यावर टेकवली, पदराला कोरडी केली. मला वाटलं, नको म्हणावं. चार झाल्या, बास. पण चार पिनांवर कॉम्प्युटर चालत नाही, त्याला सतराशेच्या सतराशे लागतात, बाबांच्या ऑफिसला जोडपत्रं लागतात तशा.

सुई परत हातात घेत तिने विचारलं, "शॅननच्या केसातला गजरा दिसतो का रे पिक्चरमध्ये?"

"गजरा?"

"मी ओवला होता. आदल्या दिवशी, इथेच, पाय वर करून. चर्चमध्ये मी नाही तर निदान तो तरी."

नवरीच्या पाठमोऱ्या सगळ्या दृश्यांना मी कात्री लावली होती. कोण बघतं डोक्याची मागची बाजू, असा माझा व्यावसायिक विचार होता.

"दिसतो," मी म्हणालो. "म्हणजे, दिसेल."

"हं," ती म्हणाली आणि बोर्ड माझ्या हातात दिला. पाचवी पिन सरळ उभी होती. कधी झाली ते मी पाहिलंच नाही.

"एकूण किती म्हणालास?"

"सतराशे."

"एवढ्याच?" ती पुन्हा कळ्यांकडे वळली. "मी सकाळी नऊच्या आत याच्यापेक्षा जास्त ओवते. आणि ऐक, परत वाकल्या तर आण."

कंपनीची वॉरंटी तीन वर्षांची होती. ती एका दाण्यात संपली. मावशीच्या या वॉरंटीला मुदत नव्हती आणि खोकं, बिल, काहीच सांभाळून ठेवायला नको होतं.

घरी येईपर्यंत मी स्कूटर इतकी सावकाश चालवली की पापडीजवळ एका सायकलवाल्याने मला घंटी मारून ओव्हरटेक केलं. दुपारी प्रोसेसर बसवला, त्याला जखडणारी दांडी दाबली. दांडी दाबताना जो करकर आवाज येतो तो ऐकून बाबा बाल्कनीत निघून गेले. रॅम, पंखा, वायरी, सगळं जोडलं. बटण दाबलं.

पंखे फिरले. दिवे लागले. स्क्रीन काळा.

एक मिनिट. दोन. आई हात जोडून उभी. बाबा आत आले.

"काय झालं?"

"पहिल्यांदा सुरू करताना तो रॅमची ओळख करून घेतो. वेळ लागतो. पुस्तिकेत लिहिलंय, बंद न करता वाट पाहा."

"किती वेळ?"

"ते नाही लिहिलेलं."

"म्हणजे काम योग्य ठिकाणी आहे," बाबा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. आयुष्यभर त्यांनी लोकांना थांबवलं होतं. आता ते अधिकारवाणीने थांबले होते.

पाच मिनिटं. आठ. माझ्या मनात फक्त पाचवी पिन. दहाव्या मिनिटाला आई म्हणाली, "मी जाते आत, माझी नजर लागत असेल." ती वळली आणि स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह उगवलं.

मी ओरडलो. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जी त्यांनी दहावीच्या निकालालाही मारली नव्हती. आई परत आली, डोळे पुसले आणि म्हणाली, "आता ओवाळू?"

"नको!"

"अरे, बाहेरून!" ती म्हणाली, आणि कपाटासारख्या त्या बंद डब्याला पुढून नीट न्याहाळून तिने बरोबर चालू-बंदच्या बटणाच्या वर कुंकू लावलं. "हे बघ. हे आहे याचं तोंड."

मग मी फादरांच्या प्रश्नापाशी गेलो. चार दिवस तोंड उघडून बसलेला डेरिक शेवटी 'होय' म्हणाला. टाकून दिलेली दृश्यं मी सगळी परत आणली. शॅनन वेदीकडे चालतेय, पाठमोरी. गुडघे टेकते, पाठमोरी. सही करायला वाकते. गजरा पूर्ण दिसतो, एकेक कळी. तीन मिनिटं वीस सेकंद नुसता गजरा. मी आजवर केलेल्या कामात हा सगळ्यात निरुपयोगी भाग आहे आणि त्यातली एक चौकटही मी कुणाला कापू देणार नाही.

सोमवारी संध्याकाळी पेनड्राइव्ह पुरला असता. पण आई म्हणाली, "ज्यांनी वाचवलं त्यांना दाखवून आण." बाळाला डॉक्टरकडे नेतात तसा मी अख्खा कॉम्प्युटर रिक्षात मांडीवर घेऊन निर्मळला गेलो, बरोबर आईचे तिळाचे लाडू. मावशीने डब्यावर हात ठेवला. "गरम आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, उन्हाने. ती म्हणाली, "बरं, मला वाटलं ताप."

टीव्हीला जोडलं. खाट आतल्या खोलीत आणली होती. डेरिक तिच्या उजव्या हाताला, शॅनन डाव्या हाताला, काका पायाशी, प्लॅस्टरला टेकून. पिक्चर सुरू झाला. चर्चचं दार, फादर, काका नव्या कोटात. डेरिक 'होय' म्हणाला तेव्हा तिने पडद्याकडे न बघता शेजारच्या डेरिककडे बघितलं, म्हणाला का ते तपासल्यासारखं. तो परत "होय" म्हणाला. तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

मग गजरा आला. एक मिनिट, दीड मिनिट. शॅनन पुटपुटली, "मी अशी दिसते मागून?" डेरिक म्हणाला, "सुमेध, हे अडकलंय का रे?"

"थांबव," मावशी म्हणाली.

मी थांबवलं. तिने काकांचा चष्मा काढून आपल्यावर चढवला. पुढे वाकली. गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते तिला माहीतही नव्हतं.

"डावीकडून चौथी. उलटी गेलीय."

शॅनन बोटाने मोजायला लागली.

"पाय दुखत होता तेव्हा," ती म्हणाली. "परत लाव. पहिल्यापासून लाव."

आम्ही तीनदा बघितलं. चौथ्यांदा लावणार तेवढ्यात, डेरिकची बॅग भरायची होती म्हणून काकांनी टीव्ही बंद केला, पण डेरिक तसाच बसून राहिला, तिचा हात हातात धरून.

हे सगळं झालेलं आहे, पण कागदोपत्री नाही. म्हणून बाबांच्या मार्गदर्शनाखाली मी खालील अर्ज केला आहे. मूळ मसुद्यात 'उपकार' हा शब्द सात वेळा होता. बाबा म्हणाले, अर्जात उपकार मानायचे नसतात, मागायचे असतात.

प्रति,
मा. प्रमुख, वॉरंटी विभाग.

विषय: नोंद दुरुस्त करणे व सेवा केंद्रास मान्यता देणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, आपल्या नोंदीतील 'ग्राहकाकडून झालेली हानी' हा शेरा वगळून त्या जागी 'ओवाळताना, सद्हेतूने' असा शेरा घेण्यात यावा. यापुढील प्रत्येक मदरबोर्डवर तोंड कोणत्या बाजूस आहे हे बाणाने दर्शविण्यात यावे, जेणेकरून अक्षता टाकणाऱ्यांची गैरसोय होणार नाही. तसेच श्रीमती विनी फ्रेडरिक तुस्कानो, मु. निर्मळ, यांच्या ओटीस आपले अधिकृत सेवा केंद्र म्हणून मान्यता देण्यात यावी. कामकाजाची वेळ फुले खुडून झाल्यापासून ऊन ओटीवर असेपर्यंत, रविवारी चर्चमधील मिस्सा आटोपल्यावर. केंद्राकडे यंत्रसामग्री म्हणून एक सुई व दोन चष्मे उपलब्ध असून, पैकी एक चष्मा यजमानांचा आहे. तरी सदर केंद्राचा फलक, पाटाची ती निसरडी कड सोडून वाडीत इतरत्र कोठेही, आपल्या खर्चाने व डेरिक ऑक्टोबरात परत येण्यापूर्वी लावण्यात यावा, ही विनंती.